एक जूनच्या पोरी

कमिशनरसाहेबांनी अठरा पासपोर्ट टेबलावर ओळीनं मांडले होते. एकेक उघडायचा, जन्मतारीख वाचायची आणि काही पासपोर्ट उजव्या हाताला वेगळे काढून ठेवायचे, असं त्यांचं चाललं होतं.

"एक जून," ते म्हणाले. "एक जून. एक जानेवारी. पुन्हा एक जून."

बघता बघता नऊ पासपोर्टांची चळत झाली. पाच पोरी एक जूनच्या, चार एक जानेवारीच्या.

"मॅडम, तुमच्या देशात एक जूनला काही सण असतो का?"

त्यांनी चेष्टा केली नव्हती, खरंच विचारलं होतं. कुठल्याशा थंड देशाचे, पांढऱ्या भुवयांचे, बोलायला अतिशय मऊ गृहस्थ. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं. शाळेत शिपाई म्हणून चौदा वर्षं काढलेल्या बाईला आरडाओरड्याची सवय असते.

ही गोष्ट दोन हजार चार सालच्या ऑक्टोबरातली, कोलंबोतली. आशियातल्या सतरा वर्षांखालच्या मुलींच्या फुटबॉल स्पर्धेची पात्रता फेरी होती. आमच्या गटात तीन देश. यजमानांना आम्ही पहिल्या सामन्यात तीन-शून्य हरवलं होतं. दुसरा सामना त्याच दिवशी दुपारी साडेतीनला उझबेकिस्तानशी होता. जिंकणारा पुढे जाणार, हरणारा घरी. आणि सकाळी नऊ वाजता हॉटेलच्या खालच्या हॉलमध्ये सामन्याच्या कमिशनरनी आम्हां दोघांना बोलावून घेतलं होतं. दोघं म्हणजे मी आणि प्रशिक्षक घोरपडे सर.

मी तिथं कशी, हेही सांगून टाकते. मुलींच्या संघाबरोबर एक बाई असलीच पाहिजे असा नियम होता. ठरलेल्या बाईंना ऐनवेळी कावीळ झाली. कोल्हापूरच्या आमच्या शाळेत मी बॉलला हवा भरण्यापासून पोरींच्या वेण्या घालण्यापर्यंत सगळं करायची, आणि माझ्याकडं पासपोर्ट होता. शाळेत कुणीतरी टाकून दिलेलं खेळाच्या नियमांचं इंग्रजी पुस्तक मी शब्दकोश मांडीवर घेऊन दोन पावसाळ्यांत वाचून काढलं होतं, तेवढंच माझं इंग्रजी. पत्रावर मात्र छापून आलं, 'संघ व्यवस्थापिका : श्रीमती हौसाबाई चौगुले'. ते पत्र मी घरी तीनदा वाचलं होतं. संघाच्या वतीनं कागदावर सही करायचा अधिकार व्यवस्थापिकेचा असतो, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. तो कधी वापरावा लागेल असं वाटलं नव्हतं.

"सण नसतो साहेब," मी म्हणाले. "शाळेत नाव घालायचं असतं."

"म्हणजे?"

"पोरगी शाळेत आली की गुरुजी विचारतात, जन्म कधीचा. आई म्हणते, भात कापणीतला. बाप म्हणतो, थोरली म्हैस व्याली त्या आठवड्यातला. मग गुरुजी पोरीला डोक्यावरून हात घेऊन पलीकडचा कान धरायला लावतात. कान हाताला लागला, की सहा वर्षं पुरी झाली असं धरतात आणि एक जून लिहितात. दुसऱ्या राज्यांतले गुरुजी एक जानेवारी लिहीत असतील."

त्यांना कळेना म्हणून मी स्वतः उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरून दाखवला. चौतीस वर्षांची बाई, अंगात देशाचा ट्रॅकसूट, आणि कान धरलेला. शेजारी घोरपडे सर बुटांच्या नाड्यांकडं बघत बसले.

साहेब हसले नाहीत. मग मी माझाही पासपोर्ट काढून त्यांच्यापुढं ठेवला. एक जून एकोणीसशे सत्तर.

"तुम्हीसुद्धा?"

"मीसुद्धा. आईच्या मते मी संक्रांतीची."

त्यांनी माझा पासपोर्ट मिटून अदबीनं परत दिला. मग डाव्या बाजूच्या नऊ पासपोर्टांतला एक उचलला. तो ठकूचा होता.

ठकूबाई बिरू झोरे. गगनबावड्याकडच्या धनगरवाड्यावरची. पहिल्या सामन्यातल्या तीन गोलांपैकी दोन तिचे. डाव्या बगलेनं ती पळायला लागली की समोरची पोरगी पळत नाही, नुसती बघत राहते. सहावीपासून आमच्या वसतिगृहात होती. आल्या दिवशी तिला पलंगावर झोप येईना, म्हणून मी खाली वाकळ टाकून दिली आणि शेजारी पडून राहिले. तेव्हापासून ती माझीच. मला मूल नाही, हे सांगायची तशी गरज नाही.

"नऊ नोव्हेंबर एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी," साहेबांनी वाचलं. "आणि हे बघा."

त्यांनी एक झेरॉक्स पुढं सरकवली. दोन वर्षांपूर्वीच्या आमच्याच राज्य शालेय स्पर्धेची खेळाडूंची यादी. त्यात ठकूच्या नावापुढं होतं, एक जून एकोणीसशे सत्त्याऐंशी, आणि शेजारी कुणीतरी पेनानं तेच इंग्रजीत लिहून ठेवलं होतं. आमच्या स्पर्धेची अट होती एक जानेवारी अठ्ठ्याऐंशीनंतरच्या जन्माची. त्या यादीप्रमाणं ठकू सात महिन्यांनी मोठी होत होती.

तो कागद कोलंबोपर्यंत कसा पोचला ते मला कधीच कळलं नाही. पण मराठीत छापलेली यादी परक्या देशातला माणूस कशाला जपून ठेवील. तो आपल्याच कुणाच्यातरी पिशवीतून आला होता.

"यातली खरी तारीख कोणती?" साहेबांनी विचारलं.

"पासपोर्टवरची."

आणि ती खरीच होती. वाडीवरच्या शाळेचा पट भरत नव्हता म्हणून गुरुजींनी ठकूला साडेचार वर्षांचीच, थोरल्या भावाच्या पाठोपाठ उचलून वर्गात बसवली होती. तिचा हात काही कानाला लागला नसणार. गुरुजींनी तिला सहाची करून टाकली. त्या चुकीपायी ती या संघात बसत नव्हती, म्हणून त्या वर्षी जानेवारीत मी स्वतः डोंगर चढून गेले. तिची आई म्हणाली, दिवाळीतली आहे आणि नर्सबाईंनी बाळंतपण केलं. मी आरोग्य उपकेंद्रात जाऊन जुन्या वह्या काढायला लावल्या. तिसऱ्या वहीत, उंदरानं कुरतडलेल्या पानावर सापडलं : 'बिरू झोरे, मुलगी, ९ नोव्हेंबर १९८८, वजन दोन किलो शंभर.' त्यावरून तहसिलीत चार खेपा घालून जन्माचा नवा दाखला काढला. त्या अठरा पोरींत जन्माचा दिवस कुणी जागच्या जागी लिहून ठेवल्याचा पुरावा असलेली माझ्या माहितीत ती एकटीच होती. आमची गोलकीपर तर कागदोपत्री सोळाची आणि माझ्या नजरेनं चांगली अठरा उलटलेली. पण तिचे सगळे कागद एकच खोटं सांगत होते, त्यामुळं तिला कुणी काही विचारलं नाही.

मी फाईल उघडून दाखला दिला. साहेबांनी तो उलटसुलट केला. मराठी अक्षरं, जांभळा शिक्का.

"हा दाखला दिल्याची तारीख?"

"यंदाचा फेब्रुवारी."

"आणि संघाची निवड?"

"यंदाच्याच जूनमध्ये."

साहेबांनी दाखला त्या झेरॉक्सशेजारी ठेवला. मलाही एकदम दिसलं, त्यांना काय दिसत होतं ते. निवडीच्या तोंडावर काढलेला कोरा करकरीत दाखला.

"उपकेंद्रात वही आहे साहेब," मी म्हणाले. "नर्सबाईंच्या हातची."

"आत्ता मागवता येईल?"

उपकेंद्रात फोन नव्हता. घोरपडे सरांनी शाळेत फोन लावला, तो रविवार होता, कुणी उचलला नाही. घड्याळात पावणेदहा झाले होते.

मग साहेबांनी दोन रस्ते सांगितले, तेही मऊपणानं. एक, हे नऊ आणि ठकूचा दहावा असे सगळे पासपोर्ट ते चौकशीला वर पाठवतील. चौकशीला काही महिने लागतील, आजचा सामना होणार नाही, आणि गट उझबेकिस्तानला जाईल. दोन, पुरावा विरोधात फक्त एकीच्या आहे. तेव्हा त्या एकीबद्दल व्यवस्थापिकेनं लिहून द्यावं. ती बाहेर, बाकीच्या सतराजणी खेळतील, नऊ पासपोर्टांचा विषय ते काढणार नाहीत.

कागद त्यांनी टंकून तयारच ठेवला होता. एकच वाक्य होतं. ठकूबाई झोरे हिच्या जन्मतारखेचा दाखला भरवशाचा नाही, हे संघाला मान्य आहे.

"अकरापर्यंत सांगा," म्हणून ते चहा घ्यायला बाहेर गेले. आम्ही दोघंच राहिलो.

"सही करू नका," घोरपडे सर म्हणाले. हा माणूस एरवी दिवसात दहा वाक्यं बोलायचा, त्यातली सात मैदानावर. "पोरगी खरी आहे."

"खरी आहे हे मला कुणी सांगायची गरज आहे का? वही मी शोधलीय."

"मग?"

"मग सतराजणींना काय सांगू? आणि चौकशी झाली तर नऊजणी कायमच्या जातील. त्या गोलकीपरचं काय होईल?"

"जाऊ दे सामना."

"तुम्ही पंचवीस वर्षं या दिवसाची वाट बघताय सर."

त्यांनी टेबलावरचा कागद आपल्याकडं ओढून वाचला. मग म्हणाले, "हौसाबाई, त्या वाक्याचा अर्थ कळतोय ना? ती आजच्यापुरती बाहेर नाही बसणार. तिच्यावर बंदी येईल."

"कळतोय."

मला कळत होता. शब्दकोश काढायची गरज पडली नव्हती. मी पेन घेतलं आणि सही केली. देवनागरीतच, शाळेच्या मस्टरवर करते तशी. हौ. चौगुले.

वर गेले तर पोरी उकडलेले बटाटे आणि केळी खात बसल्या होत्या. ठकू एकटी खिडकीपाशी पायमोज्यावर चिकटपट्टी गुंडाळत होती. घोरपडे सर माझ्या मागोमाग आले आणि दारातच थांबले, खांद्यावर बॉलची जाळी घेऊन.

"मावशी, आज पावसाचं चिन्ह हाय," ठकू म्हणाली. "चिखुल झाला तर बरं. त्या उंच पोरी घसरतील, मी न्हाई घसरायची."

"ठकू, आज तू खेळायची नाहीस."

तिनं वर बघितलं. "का वं?"

मी सांगितलं. यादी, तारीख, कागद. ती सगळं ऐकून घेईपर्यंत चिकटपट्टी तिच्या बोटाला तशीच लटकत होती.

"पर तुम्ही वही दावली न्हवं? नर्सबाईची?"

"वही इथं नाही ना बाळ."

"मग माझा दाखला खोटा हाय असं कुणी लिवून दिलं?"

मी उत्तर ठरवलं नव्हतं. अजूनही देवाशप्पथ सांगते, ठरवलं नव्हतं. ती माझ्याकडं बघत होती, त्या पहिल्या रात्री वाकळीवरून बघत होती तशी, आणि माझ्या तोंडातून आलं, "सरांनी."

सर दारातच होते. त्यांनी ऐकलं. ठकूनं मान वळवून त्यांच्याकडं बघितलं, तेव्हा त्यांनी खांद्यावरची जाळी नीट केली आणि बाकीच्या पोरींना म्हणाले, "चला, बस आलीय."

आम्ही हरलो, तीन-शून्य. ठकू असती तरी हरलो असतो. तीन-एक झालं असतं कदाचित, तीन-दोन तर अगदी नशीब. त्या उझबेक पोरी फारच चांगल्या होत्या. पाऊस काही आला नाही. ठकू माझ्या शेजारी स्टँडमध्ये साध्या कपड्यांत बसली होती आणि दर वेळी डाव्या बगलेला बॉल गेला की तिचे पाय हलत होते. शेवटची शिट्टी झाल्यावर ती माझ्या खांद्याला डोकं टेकून म्हणाली, "मावशी, तुम्ही व्हतासा म्हणून मी बसून तरी ऱ्हायले." मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. दुसरं काय करणार होते.

परतीच्या प्रवासात, चेन्नईहून गाडीनं येताना, सर दाराशी उभे होते. पोरी झोपल्या होत्या. मी जाऊन उभी राहिले, म्हणाले, "सर, माझ्या तोंडातून गेलं. घरी गेल्यावर मी तिला खरं सांगते."

"नका सांगू."

"का?"

"फुटबॉल गेला तिचा. आता तिला कुणीतरी आपलं राहिलं पाहिजे. मी काय, पोरी मला तशाही शिव्या घालतातच." मग बाहेर बघत म्हणाले, "तेवढं मात्र सांभाळा, हौसाबाई."

त्यांनी हा विषय परत कधी काढला नाही. सर गेल्या वर्षी गेले. त्यांनी कुणाला सांगितलं असतं तर माझ्या कानावर आलं असतं, म्हणजे नाहीच सांगितलं. म्हणून आता मी लिहिते आहे.

बंदीचं पत्र डिसेंबरात आलं, त्यात संघानं लिहून दिल्याचा उल्लेख होता, सही कुणाची ते नव्हतं. दोन वर्षं. खेळाडूंच्या कोट्यातली वसतिगृहाची जागा गेली. ठकू पत्र्याची ट्रंक घेऊन वाडीवर परत गेली. मी पोचवायला जाणार होते, पण त्या दिवशी शाळेत तपासणी होती.

मे महिन्यात तिचा निरोप आला. एका दूधवाल्याच्या हाती चिठ्ठी. 'मावशी, माझं लगीन धरलंय. जूनच्या पाच तारखेला. तुम्ही या आणि येताना माझा दाखला आणा.'

मी फाईल घेऊन गेले. गगनबावड्याहून पुढं जीप, मग दीड तास चढ. ठकू वाटेतच, करवंदीच्या जाळीपाशी उभी होती. वाळली होती. माझी पिशवी तिनं हातातून काढून घेतली.

"शाळंच्या दाखल्यावर मी एक जूनला अठराची हुतीया," ती भरभर चालत म्हणाली. "म्हणून पाच तारीख धरलीया. पर खरं बघितलं तर मला सतराबी न्हाईत. तुमच्याकडचा दाखला दावला तर लगीन थांबंल. थांबंल न्हवं? तोवर दोन वर्सं सरत्यात."

दोन वर्षं म्हणजे बंदीची. ती महिने मोजत होती.

बिरू झोरे अंगणात दोर वळत बसला होता. गोरा, उंच, मिशीवाला माणूस. वाईट अजिबात नाही. मला बघून उठला, घोंगडं अंथरलं, बायकोला ताक आणायला सांगितलं. मी बसले आणि दाखला त्याच्यापुढं ठेवला.

"दादा, ही पोरगी अजून सतराचीही नाही. हा सरकारी कागद आहे. लग्न करू नका."

त्यानं कागद हातात घेतला, वाचता येत नव्हतं तरी पूर्ण बघितला, आणि घोंगड्यावर सरळ करून ठेवला.

"बाई, तुम्ही पोरीसाठी लई केलंसा. मी नाव ठेवणार न्हाई. पर ह्यो कागद खोटा हाय असं तुमच्याच साहेबानं लिवून दिलंया न्हवं? पत्र आलंया आमास्नी. पोलीस पाटलानं वाचून दावलं. साऱ्या वाडीला म्हाईत हाय." तो दमानं बोलत होता, भांडत नव्हता. "मग मला एवढंच सांगा. कागद खरा, का त्या साहेबाची सही खरी? सही खोटी आसंल तर मी आत्ता जाऊन पाव्हण्यास्नी न्हाई म्हणून सांगतो. माझी लेक हाय ती. मला काय घाई हाय?"

ठकू खांबाला धरून उभी होती. तिची आई ताकाचा तांब्या घेऊन दारात थांबली होती. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

एकच वाक्य बोलायचं होतं. सही खोटी आहे, कारण ती माझी आहे. माझ्यापाशी ते वाक्य तयार होतं. सबंध चढ मी तेच घोकत आले होते. पण बोलायला तोंड उघडलं तेव्हा मला ठकूचा चेहरा दिसला, आणि ते वाक्य ऐकल्यावर तो कसा होईल तेही दिसलं.

"सही सरांनी केली," मी म्हणाले. "त्यांनी कशावरून केली, मला काय माहीत दादा."

बिरूनं मान हलवली. जरा वेळ दोराचे पदर बोटांनी चाचपत राहिला. मग म्हणाला, "मग आमी अडाण्यांनी काय करावं? मोठा माणूस लिवून देतोय म्हंजे तसंच आसंल."

मी ताक प्याले.

उतारावर ठकू मला जीपपर्यंत सोडायला आली. खाली रस्ता दिसायला लागल्यावर ती म्हणाली, "त्या घोरपड्याचं वाटुळं हुईल बघा." मग पिशवी माझ्या हातात दिली, वाकून पाया पडली, आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही एवढा डोंगर चढून आलासा, ह्येच लई झालं. तुमच्यावाचून मला कोण हाय?"

जीपवाल्यानं हॉर्न दिला. मी चढून बसले.